उसनं काळीज

संध्याकाळचे साडेसहा वाजले आणि साऱ्या रत्नागिरीची छाती एका ठेक्यात धडधडू लागली.

टपरीवरची माणसं चहाचा घोट तोंडातच धरून पडद्याकडे वळली. औषधांच्या दुकानातल्या मुलीने ओढणीआडचा, दुसऱ्याचे ठोके छातीवर उमटवणारा पट्टा आवळून घेतला. 'वज्रनाद' वाहिनीचा 'नौसैनिकाचं काळीज' हा कार्यक्रम सुरू झाला होता. पडद्यावर काळा समुद्र, राखाडी युद्धनौका, आणि निवेदक विक्रांत देवचक्के याचा खर्जातला आवाज : "कासवमाथ्यावर उभ्या असलेल्या आपल्या वीराचं हृदय आता तुमच्या छातीत!"

दोन हजार एकेचाळीस सालचा ऑक्टोबर चालू होता. कासवमाथा म्हणजे समुद्राखालचा एक डोंगर. त्याच्या माथ्यावर बॅटऱ्यांना लागणाऱ्या धातूंचे गोळे बटाट्यांसारखे विखुरलेले होते. आपला देश म्हणत होता तो आमचा, समुद्रापलीकडचा देश म्हणत होता तो आमचा, आणि दोन्हींच्या युद्धनौका महिनाभर एकमेकींसमोर नांगर टाकून होत्या. रविवारी संध्याकाळी सातपर्यंत समोरच्यांनी मागे जावं, नाहीतर तोफा बोलतील, असा निर्वाणीचा खलिता गेला होता. आज गुरुवार होता.

बंद पडलेल्या बर्फ कारखान्याच्या माडीवर मंदोदरी साटमची तालीम चालू होती. मंदोदरी त्रेपन्न वर्षांची, अंगाने आडवी, आवाजाने उभी. गेली अकरा वर्षं दर रविवारी ती 'वाकडं बोट' नावाचा कार्यक्रम थेट लोकांच्या फोनवर करायची. कधी मंत्री, कधी बाबा, कधी कंत्राटदार होऊन ती अशी काही चालायची की मूळ माणसाला दुसऱ्या दिवशी चालताना लाज वाटावी. तिच्या ढोलकीला बाबली मेस्त्री होता. या कार्यक्रमाच्याही आधीपासून, सव्वीस वर्षं तोच.

"बाबल्या, तो पट्टा काढ आणि ढोलकी घे," मंदोदरी म्हणाली. "युद्ध उद्या कर."

डोळे मिटून, मान तिरकी करून बाबली छातीवरच्या ठोक्यांवर मांडीवर बोटं वाजवत होता. एकदम त्याची बोटं थांबली. पुन्हा चालू झाली. पुन्हा थांबली. त्याने डोळे उघडले तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"बाय," तो म्हणाला, "ह्यां तुझां काळीज आसा."

"काय बडबडतोस?"

"माका शिकव नको. एक ठोको घाईत येता, मगे गप्प, मगे दणकन. सव्वीस वर्षां ह्या काळजाबरोबर ढोलकी वाजवलंय मी. घाल, तूच बघ."

त्याने पट्टा काढून तिच्या हातात दिला. तिने आजवर तो हट्टाने बांधला नव्हता. आता बांधला. ते धावणं, तो मध्येच चुकलेला ठोका, त्यानंतरचा तो श्वास. एखाद्याने आपलंच जुनं लुगडं नेसून दारात उभं राहावं तसं तिला वाटलं.

"बाबल्या," ती हळूच म्हणाली, "हा तर राजाचा प्रवेश."

बाबलीने तोंडावर हात ठेवला. राजाचा प्रवेश म्हणजे तिचा सगळ्यात गाजलेला प्रवेश : सिंहासनावर बसलेल्या राजाच्या धोतरात खेकडा शिरतो, पण दरबार भरलेला असल्यामुळे त्याला ते कुणाला सांगता येत नाही. अकरा मिनिटं नुसत्या उड्या.

"म्हंजे ही सगळी माणसां," बाबली म्हणाला, "राजाच्या धोतरातल्या कुर्लेपायी लढूक निघाली?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदोदरी डॉ. शहनाज काझींच्या दवाखान्यात जाऊन थडकली. नवजात बाळांचा विभाग होता. काचेच्या पेट्यांतून तळहाताएवढी बाळं झोपली होती आणि प्रत्येकाच्या अंगाभोवती बोटभर रुंदीचा मऊ पट्टा होता.

'अनुकंप' पट्टा मुळात या बाळांसाठीच होता. वेळेआधी जन्मलेलं मूल आईपासून दूर, पेटीत राहतं. त्याला आईचं हृदय ऐकू यावं म्हणून शहनाजबाईंनी बारा वर्षं खपून तो बनवला. आईच्या छातीवर नाण्याएवढे दोन टिपक चिकटवायचे. ते तिचे ठोके, तिचा श्वास, अंगाची ऊब टिपतात. पट्ट्यात साबुदाण्याएवढ्या शेकडो हवेच्या पिशव्या असतात. त्या तोच ठेका धरून फुगतात आणि मिटतात, आणि हळूहळू बाळाचा श्वास आईच्या श्वासाशी जुळतो. मुलं जगू लागली. मग पट्टे बनवणाऱ्या कंपनीला मोठ्यांची बाजारपेठ दिसली. आधी क्रिकेटमधल्या गोलंदाजाचं काळीज आलं, मग गायिकांचं, आणि आता युद्धाचं. चार कोटी घरांत पट्टे होते.

शहनाजबाईंनी गेल्या वर्षीची नोंद काढली. मोठ्या माणसांवरच्या पहिल्या चाचणीसाठी मंदोदरीने हौसेने आपलं काळीज दिलं होतं, भर प्रयोगात. बाईंनी त्या आलेखावर काल संध्याकाळचा 'वज्रनाद'चा आलेख ठेवला. दोन रेषा एकमेकींत विरघळल्या. कुठली वरची, कुठली खालची, कळेना.

"तुमच्या हृदयाला मधूनच एक ठोका लवकर टाकायची खोड आहे," बाई म्हणाल्या. "धोका काही नाही, पण ती अंगठ्याच्या ठशासारखी आहे. चाचणीच्या नोंदी मी कंपनीला दिल्या होत्या, नमुना म्हणून. त्यांनी त्या विकल्या."

"पण बाई, हे लोकांना हसू कसं येत नाही? मी तर हसवत होते."

"कारण ठोक्यांवर कशाचंही नाव लिहिलेलं नसतं." शहनाजबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "असं बघा. मेंदू बिचारा कवटीच्या अंधारात बसलेला. बाहेर काय चाललंय ते त्याला डोळे सांगतात, आत काय चाललंय ते छाती सांगते. छाती धडधडली की तो विचारतो, कशामुळे? आणि डोळ्यांसमोर जे असेल ते कारण म्हणून धरून बसतो. समोर प्रियकर असेल तर म्हणतो, प्रेम. वाघ असेल तर भीती. शत्रूचं जहाज दाखवलं तर संताप. ठोके तुमचे, कारण देवचक्केंचं."

मंदोदरी काचेपलीकडच्या बाळांकडे बघत म्हणाली, "आणि समोर राजा दाखवला तर?"

त्या सकाळी पहिल्यांदा शहनाजबाईंचे डोळे चमकले.

"तर काय होईल," त्या म्हणाल्या, "ते बघायला मी स्वतः येईन."

*

दुपारी तन्मयीचा फोन आला. तन्मयी मंदोदरीची एकुलती एक मुलगी, नौदलात लेफ्टनंट कमांडर. आणि ती कासवमाथ्यावरच होती. तीन वर्षांपूर्वी मंदोदरीने 'वाकडं बोट'मध्ये एका पदकवेड्या अ‍ॅडमिरलची नक्कल केली, तेव्हापासून दोघींचं बोलणं वाढदिवस आणि गणपती यांच्यापुरतं उरलं होतं. जहाजावरून आठवड्याला पाच मिनिटं घरी बोलता यायचं, आणि प्रत्येक शब्द कुणीतरी ऐकत असायचं.

"आई, जेवलीस?"

"जेवले. तू?"

"हो." मध्ये समुद्राची खरखर. "रविवारी कार्यक्रम करणार आहेस?"

"दर रविवारी करते."

"या रविवारी नको करूस." तन्मयीचा आवाज वर्दीतला होता, पण त्याखाली काहीतरी होतं. "इथे आम्हाला एवढंच बळ आहे की सगळा देश पाठीशी आहे. त्यात माझीच आई हसायला उभी राहिली तर मी इथे मान वर कशी करू?"

मंदोदरीच्या ओठांवर सगळं आलं होतं. अगं, ते काळीज माझं आहे. तुमच्यातल्या कुणाचंच नाही. पण ऐकणाऱ्यांना आधी कळलं असतं तर त्यांनी रविवारचा कार्यक्रम होऊच दिला नसता. तिने गिळून टाकलं.

"तनू, मी तुमच्यावर कधी हसले नाही गं."

"आम्हाला फरक कळत नाही आई. गोळी लागते तेव्हा फरक कुणी विचारत नाही."

फोन तुटला. पाच मिनिटं संपली होती की तिने ठेवला, ते मंदोदरीला कळलं नाही. ती बर्फ कारखान्याच्या पायऱ्यांवर बसली. कार्यक्रम केला तर मुलगी कायमची जाईल. न केला तर? मुलगी कायमचीच जाईल, फक्त वेगळ्या वाटेने. तिने पदराने तोंड पुसलं आणि वर हाक मारली, "बाबल्या, राजाचा मुकुट काढ. झुरळांनी खाल्ला नसेल तर."

*

रविवारी मांडवीच्या वाळूवर माणूस मावेना. नेहमीचे प्रेक्षक होतेच, पण त्यांच्याहून जास्त झेंडे घेऊन आलेले होते. "सातच्या ठोक्याला हल्ला!" अशा घोषणा चालल्या होत्या. मंदोदरी दाढी आणि मुकुट चढवून फळ्यांच्या रंगमंचावर आली तशी पहिली हुर्यो उठली. एक शहाळं तिच्या पायाशी येऊन फुटलं. कुणीतरी ओरडलं, "पोरगी लढते आणि आई नाचते! लाज वाटू दे!"

ते तिच्या वर्मी लागलं. क्षणभर तिला वाटलं, उतरावं. पण साडेसहाला दोन मिनिटं होती.

"मंडळी!" तिने हात जोडले. "आज मी कुणाला गप्प बसा म्हणणार नाही. तुमचा पट्टा सोडा असंही म्हणणार नाही. उलट आवळून बांधा. 'वज्रनाद'च लावा. ठोके त्यांचे असू देत. फक्त डोळे मला द्या. अकरा मिनिटं. त्यानंतर मला समुद्रात ढकला, मी पोहत जाईन."

फोनवरच्या प्रेक्षकांचा आकडा बाजूच्या पडद्यावर सरसर चढत होता. नऊ लाख. चौदा लाख. भांडण बघायला लोक धावतात तसे ते येत होते.

साडेसहा झाले. चार कोटी छात्यांत ठोके सुरू झाले आणि बाबलीची ढोलकीवर थाप पडली. त्याला तो प्रवेश तोंडपाठ होता : कुठल्या ठोक्याला राजा बसतो, कुठल्या ठोक्याला खेकडा सिंहासनाखालून निघतो. राजा बसला. राजाने मिशीवर ताव दिला आणि गरजला, "प्रधानजी! शेजारच्या राज्यावर स्वारी करा!" आणि त्याच ठोक्याला त्याचं तोंड वेडंवाकडं झालं.

लोकांच्या छातीत ठोका चुकला. राजा डोळे फाडून गोठला. मग दणकन ठोका पडला आणि राजा सिंहासनावरून हातभर उडाला.

"स्वारी! स्वारी करा!" मांडी आवळत राजा ओरडला. "डावीकडून! नाही, उजवीकडून! अरे, वर सरकतोय!"

गर्दी गप्प होती. लोक आपापल्या छातीला हात लावून चाचपत होते. डोळ्यांसमोर जे चाललं होतं ते आणि छातीत जे चाललं होतं ते टाक्याला टाका जुळत होतं. पुन्हा ठोका चुकला, पुन्हा राजा गोठला, पुन्हा उडाला. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या मासळीवालीने फस्सकन हसून शेजारणीच्या पाठीत गुद्दा मारला, "आगो, ह्यां तर हेचाच!"

आणि बांध फुटला. झेंडेवाले हसू दाबत होते, त्यांचे खांदे हलत होते. ज्याने शहाळं फेकलं होतं तो वाळूत बसून पोट धरून हसत होता. महिनाभर मुठी आवळायला लावणारी तीच धडधड आता गुदगुल्या करत होती. शहनाजबाई रंगमंचाच्या कडेला उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही आलेख मोठ्या पडद्यावर टाकले, एका रेषेवर एक, आणि ध्वनिक्षेपकावर जाऊन शांतपणे सांगितलं, "हे हृदय कुठल्याही सैनिकाचं नाही. मंदोदरी साटम यांचं आहे. गेल्या वर्षी याच प्रवेशात मी स्वतः नोंदवलेलं."

आकडा दोन कोटींवर गेला होता. तेवढ्यात बाबलीचा भाचा फोन घेऊन पडद्यांमागून वर चढला. तोच कार्यक्रमाची यंत्रं सांभाळायचा. "मावशी, हे घे! पलीकडून!"

मोठ्या पडद्यावर एका बाईचा चेहरा आला. चाळिशीची, डोक्याला रुमाल, हातात एक लाकडी बाहुली. दुभाष्या यंत्राने तिचं बोलणं लगोलग मराठीत आणलं : "मी समीरा. आमच्याकडे मी बाहुल्यांचा खेळ करते, राजांची टिंगल करते. आमच्या वाहिनीवर रोज संध्याकाळी 'सागरसिंहाचं हृदय' लागतं. महिनाभर त्याच्या जोरावर आमचे लोक रस्त्यावर उतरतायत." ती दम लागल्यासारखी थांबली. "बाई, आमच्या सिंहाचा ठोकासुद्धा तिथेच चुकतो."

समीराने आपल्या वाहिनीचे ठोके लावले. बाबलीने दोन क्षण ऐकलं आणि ढोलकीवर तोच ठेका धरला. एकही मात्रा इकडची तिकडे झाली नाही. पट्ट्यांच्या कंपनीने एकच काळीज दोन्ही तीरांना विकलं होतं.

मंदोदरीच्या अंगात वीज खेळली. तिने मुकुट सरळ केला. "महाराणी, आमच्या खेकड्याने तुमच्या राज्यात घुसखोरी केली म्हणायची!"

समीराची लाकडी बाहुली कमरेत वाकली आणि उडाली. "अजिबात नाही! हा खेकडा आमचाच! पुराव्यादाखल आमच्या राजाचं धोतर बघा!"

"तो आमचा! आमच्या पूर्वजांना चावलेला आहे!"

"मग परत न्या!"

"तुम्हीच ठेवा!"

दोन देशांचे राजे एका खेकड्यासाठी उड्या मारत होते आणि दोन्ही किनाऱ्यांवरची माणसं डोळे पुसत हसत होती. तेवढ्यात सहा वाजून बावन्न मिनिटांनी 'वज्रनाद'ने घाबरून ठोके बंद केले.

चार कोटी छात्या एकदम शांत झाल्या. महिनाभरात पहिल्यांदा ज्याला त्याला आपापलं काळीज ऐकू आलं. काहींचं हळू चाललं होतं, काहींचं भलतंच जोरात. हसू विरत गेलं.

मंदोदरीने दाढी काढली. यापुढे काय करायचं ते तिने ठरवलंच नव्हतं. "माझी मुलगी त्या जहाजावर आहे," ती म्हणाली. "मला भीती वाटते. महिनाभर वाटतेय. त्या उसन्या गलक्यात मला ती सांगता येत नव्हती."

समीराने बाहुली खाली ठेवली. "माझा भाऊ आहे," ती म्हणाली. "समोरच्या जहाजावर."

मांडवीवर कुणी घोषणा दिली नाही. सात वाजले, आणि सात वाजून गेले.

*

त्या संध्याकाळी हल्ल्याचा हुकूम निघाला नाही. दोन्ही राजधान्यांत रात्रभर काय बोलणी झाली ते बाहेर आलं नाही, पण सोमवारी दोन्हीकडच्या नौका वीस-वीस सागरी मैल मागे सरल्या. 'वज्रनाद'ने 'ते प्रातिनिधिक स्पंदन होतं' असा खुलासा केला, आणि देवचक्के दीर्घ रजेवर गेला. मंदोदरीला चौकशीला बोलावलं. चार तास तिला विचारत होते की समीराशी आधी काय ठरलं होतं. समीराचा खेळ दोन महिने बंद ठेवला गेला. पण हिवाळी अधिवेशनात कायदा आला : कुणाचंही काळीज प्रसारित करायचं तर त्या माणसाचं नाव, तारीख आणि संमती आधी जाहीर करायची.

तन्मयी डिसेंबरात आली. सकाळी नऊच्या सुमाराला ती बर्फ कारखान्याच्या माडीवर चढली तेव्हा मंदोदरी एकटीच तालीम करत होती. बसायला खुर्ची नव्हती, म्हणून तन्मयी सिंहासनावरच बसली.

"रागावली आहेस?" मंदोदरीने विचारलं.

"सात वाजेपर्यंत होते." तन्मयीने टोपी मांडीवर ठेवली. "मी त्या दिवशी तोफांच्या नियंत्रणावर होते. महिनाभर दुर्बिणीतून समोरची नौका बघत होते. तिची लांबी, तिचे मनोरे, कुठे मारलं की बुडेल, सगळं पाठ. साडेसहानंतर त्यांच्या डेकवर काहीतरी हललं. मी दुर्बीण लावली. एक खलाशी होता. कमरेला टॉवेल गुंडाळून उड्या मारत होता. बाकीचे त्याच्याभोवती हसून लोळत होते. आमच्यातल्या कुणालाच कळेना हे काय. मग खालून एकजण लपवून ठेवलेला फोन घेऊन आला."

"मग?"

"मग आम्हीही हसलो. कप्तानसुद्धा. तोंड फिरवून." तिने मांडीवरची टोपी फिरवली. "आणि त्यानंतर मला भीती वाटली, आई. आधी वाटली नव्हती. हुकूम आला असता तर मी बटण दाबलं असतं, ते माझं काम आहे. पण मी टॉवेलवाल्यावर दाबलं असतं, हे मला आता माहीत होतं."

मंदोदरीला एकही विनोद सुचला नाही. ती लेकीच्या शेजारी, सिंहासनाच्या कडेला टेकली.

"हे तू कार्यक्रमात घे," तन्मयी म्हणाली.

"तुझं नाव बाहेर येईल. वर्दी आहे तुझ्या अंगावर."

"म्हणून तर. नाव, तारीख, संमती. कायदाच आहे ना आता?" तन्मयीने खिशातून टिपकांची डबी काढली, शर्टाची वरची दोन बटणं सोडली आणि नाण्याएवढे ते टिपक छातीवर दाबून बसवले. "पट्टा बांध. मी पहिल्यापासून सांगते. छाती खोटं बोलतेय असं वाटलं, तर थांबव."

मंदोदरीने आपल्या छातीला पट्टा बांधला आणि डोळे मिटले.